तिसऱ्या जागेचे आकडे

३ मार्च

दादा,

तुझ्या पत्राची वाट बघून कंटाळले, म्हणून मीच लिहायला घेतलं. लेकीकडे राहायला येऊन मला दोन वर्षं झाली, तरी शनिवार उजाडला की हात आपोआप रबरी बूट शोधतात. जावई लेकीला म्हणतो, तुझ्या आईचं खरं सासर तो ओढाच. हसले, पण खोटं नाही ते. आपण दोघं मावसभावंडं, दोघंही निवृत्त, मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतून, आणि करायला काही नाही म्हणून पाणलोट मंडळ काढलं. डोंगराच्या उतारावर झाडं लावायची, ओढ्याचा काठ साफ ठेवायचा आणि दर शनिवारी पाच ठरलेल्या जागी पाणी तपासायचं. ते पाणी शेवटी तलावात जातं आणि तलावाचं पाणी अख्खं गाव पितं, एवढं साधं कारण होतं. ते मंडळ माझ्यामागे टिकलं ते तुझ्यामुळे. अकरा वर्षांत एक शनिवार चुकवला नाहीस! इथल्या लोकांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं मी फुगवून सांगतेय.

आता कामाचं. गेल्या वर्षी तुझ्या वहीवरून मी जलविभागाला अहवाल दिला होता, आठवतं ना? त्यावरूनच त्यांनी तिसऱ्या जागेवर यायचं थांबवलं. मंडळाचे आकडे इतके चांगले आहेत तर आमचा माणूस दुसरीकडे पाठवू, म्हणाले. आता त्यांना या वर्षाचाही अहवाल हवाय. तर वहीच्या पानांच्या प्रती पोस्टाने पाठव.

आणखी एक. नर्सरीवालीचं पत्र आलंय. म्हणते, तिसऱ्या जागेच्या खाली पाण्याला आंबट वास येतो आणि दगडांवर पांढरी लोकरीसारखी लव धरलीय. तू तर दर शनिवारी तिथे उतरतोस. काय भानगड आहे?

वहिनीला सांग, तिने दिलेली मोठी कढई इथे सगळ्यांना पुरते.

तुझी
छोटी

१४ मार्च

छोटी,

पानांच्या प्रती सोबत आहेत. अक्षर बघून घे, एकतीस वर्षं वजनमापं खात्यात काढली, सात आणि एक यांत कुणाला शंका येणार नाही असंच लिहितो. मंडळात मला आता सगळे मापाडी काका म्हणतात. दाताच्या डॉक्टरांनी, म्हणजे आपल्या अध्यक्षांनी, परवा माझी ओळख एका पाहुण्याला करून दिली ती अशी: 'हे आमचं घड्याळ.' ऐकायला बरं वाटलं.

नर्सरीवालीचं विचारलंस. तुला आतली गोष्ट माहीत नाही म्हणून सांगतो. उतारावर लावायला आठशे रोपं तिच्याकडे वाढायला दिली होती. निम्म्याहून जास्त मेली. मुळं कुजली. माझं मत, पाणी जास्त घातलं. आता ती म्हणते ओढ्याचं पाणीच वाईट आहे, त्यानेच मेली. फेब्रुवारीच्या बैठकीत बाटलीत पाणी भरून घेऊन आली आणि सगळ्यांना म्हणाली, वास घ्या. बाटली फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. मी म्हटलं, 'बाई, पाणी ठीक आहे, बाटली शेवटची कधी धुतली होती?' अख्खी खोली हसली. मग मी वही उघडून वाचून दाखवली. पाण्यातला प्राणवायू तिसऱ्या जागी ७.६, त्याआधी ७.५, त्याआधी ७.७. सातच्या वर असला की पाणी ठणठणीत, हे तूच आम्हाला शिकवलंस. तिथे विषय संपला. रोपांचं काम आता दुसऱ्या नर्सरीला दिलं आहे.

तू तिच्या पत्राचं मनावर घेऊ नकोस. मी दर शनिवारी तिथल्या आडव्या ओंडक्यावर बसूनच तर मीटर पाण्यात सोडतो. वास आला असता तर पहिला मला आला असता.

बाकी ठीक. वहिनी तुझी आठवण काढते.

दादा

२ एप्रिल

दादा,

पानं मिळाली. काय सुंदर आलेख आला आहे! तिसऱ्या जागेची रेघ तर शाळेत जाणाऱ्या मुलीच्या भांगासारखी सरळ. अहवाल लिहिला, सही केली, कालच पाठवला. शेवटी तुझं नावही घातलंय, तू नको म्हणशील म्हणून आधी विचारलं नाही.

नर्सरीवालीला मी सविस्तर उत्तर दिलं होतं. घाबरू नका, आकडे उत्तम आहेत, रोपांच्या मातीत निचरा कमी असेल, असं. तुझ्या ओंडक्याचंही लिहिलं, की आमचे दादा दर आठवड्याला तिथे बसतात. तर तिचं आज उलट पत्र. म्हणते, तो ओंडका गेल्या वर्षीच्या वळवाच्या पुरात वाहून गेला, तिथे आता नुसते गोटे आहेत. बिचारी दुसऱ्याच वळणाबद्दल बोलत असणार. मी तसंच कळवलं तिला. जरा कडक लिहिलं, पण काय करणार, कुठेतरी थांबवायला हवं ना.

तुझी तब्येत कशी आहे? पत्र फार थोडक्यात होतं.

छोटी

१९ एप्रिल

छोटी,

बुधवारी सकाळी तलावाच्या वरच्या टोकाला मासे मेलेले सापडले. पाण्यावर पांढरी पोटं, काठापासून पार पंपघरापर्यंत. जलविभागाचे लोक आले. त्यांनी ओढ्याने वर जात जात पाणी तपासलं. तिसऱ्या जागी प्राणवायू २.१, तिच्या वर दुसऱ्या जागी ठीक. वरच्या दूध पावडरच्या कारखान्याचं धुण्याचं पाणी तिथे ओढ्यात येतंय असं त्यांचं म्हणणं आहे.

माझ्या वहीत त्याआधीच्या शनिवारी ७.६ आहे.

काल कारखान्याचे मॅनेजर घरी आले. सोबत पेढ्यांचा नव्हे, त्यांच्याच पावडरचा मोठा डबा. मी घेतला नाही. वहिनीने पाणी दिलं. ते म्हणाले, 'काका, तुमच्या वहीने आम्हाला वाचवलं. शनिवारपर्यंत सगळं स्वच्छ होतं हे तुमच्याच अक्षरात आहे. म्हणजे जे झालं ते एका दिवसाचा अपघात. आणि तुमच्यासारखा साक्षीदार कुठे मिळणार!' जाताना दोन्ही हातांनी माझा हात धरला. मी तो नंतर साबणाने धुतला.

मला बरं वाटत नाही. नंतर लिहितो.

दादा

२६ एप्रिल

दादा,

तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वहिनी म्हणाली, आत्ताच बाहेर गेलेत. एरवी तू दुपारी बाहेर जाणारा माणूस नाहीस. एवढा मनाला लावून घेऊ नकोस. मासे मेले यात तुझा काय दोष? तू तुझं काम चोख केलंस.

जलविभागाने मला विचारलं होतं. मी लगेच कळवलं की अकरा वर्षांची नोंद बघता हा अचानक झालेला अपघातच दिसतो. मॅनेजर मला आवडत नसला तरी खरं ते खरं. २० मे रोजी सुनावणी आहे. वही घेऊन तुला बोलावतील. जाशील ना? स्पष्ट बोल, दबू नकोस. मी असते तर शेजारी बसले असते.

नर्सरीवालीचं आता काही पत्र नाही. तिला तिची चूक कळली असावी.

छोटी

२ मे

छोटी,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. फोनवर आलो नाही कारण तुझा आवाज ऐकून मला एकतर खोटं बोलता आलं नसतं, नाहीतर आलं असतं. दोन्हीची भीती वाटली.

तिसऱ्या जागेचे आकडे खोटे आहेत. सगळे नाहीत. गेल्याच्या गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासूनचे. मोजून पंचाहत्तर शनिवार.

झालं ते असं. त्या नोव्हेंबरात मी नेहमीसारखा तिसऱ्या जागी उतरलो. उतार तुला माहीत आहे. पाणी मोजलं, उठायला गेलो आणि उजवा गुडघा कुणी काढून नेल्यासारखा गेला. पाण्यात बसलो. कमरेपर्यंत. वर चढता येईना. हाक मारावी तर वर रस्ता आहे, कुणीही आलं असतं. मी हाक मारली नाही. मला वाटलं, कुणी पाहिलं तर पुढच्या बैठकीत दाताचे डॉक्टर प्रेमाने म्हणतील, काका, आता तुम्ही बसा. एक तास पाण्यात बसून राहिलो आणि मग चार पायांवर, खरंच जनावरासारखा, गवत धरत वर आलो. घरी तुझ्या वहिनीला सांगितलं, बसमधून उतरताना पडलो.

पुढच्या शनिवारी वरच्या कडेला उभा राहिलो. खाली पाणी चमकत होतं. छान दिसत होतं, शपथ. म्हटलं, या आठवड्यापुरतं. दुसऱ्या जागेचा आकडा ७.८ होता, तिसऱ्यापुढे ७.६ लिहिलं. उरलेल्या चार जागांना, दोन तिच्या वर आणि दोन तलावाला मिळणाऱ्या दुसऱ्या ओहोळावर, रस्त्यावरून जाता येतं, तिथले आकडे खरे आहेत, एकूण एक. फक्त तिसरा. पुढच्या आठवड्यात पुन्हा या आठवड्यापुरतं. महिन्याभरात मला त्याचं काही वाटेनासं झालं. उलट मी त्यात कौशल्य दाखवायला लागलो. दुसऱ्या जागेपेक्षा कधी ०.२ कमी, कधी ०.३, एखाद्या वेळी सारखाच. खरा दिसावा म्हणून. ओंडका गेल्याचंही मला माहीत नव्हतं. पाहिलाच नव्हता मी, तर माहीत कसा असणार?

वास येत होता, छोटी. गेल्या काही महिन्यांत वरच्या कडेलाही यायचा. मी मनाशी म्हणायचो, रस्त्यावरून दुधाचे टँकर जातात त्यांचा असेल.

नोकरीत असताना एका दुकानदाराच्या तराजूच्या पारड्याखाली मी मेणाची गोळी पकडली होती. एवढीशी. तो हात जोडून म्हणाला, 'साहेब, अगदी थोडा फरक आहे.' मी त्याला भर बाजारात उभं केलं होतं आणि घरी येऊन ते मोठ्या तोऱ्याने सांगितलं होतं. माझी गोळी पंचाहत्तर आठवड्यांची आहे.

पण या सगळ्यापेक्षा ती बाटली. नर्सरीवाली पाणी घेऊन आली, आणि तिने बाटली माझ्या हातात दिली तेव्हा मी वास घेतला. आंबट होता. मला त्याच क्षणी सगळं कळलं. बोलायला तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते बाटली कधी धुतली होती. लोक हसले, आणि मला सुटल्यासारखं झालं. तुला ते मी विनोद म्हणून लिहिलं होतं. ते लिहितानाही मला माहीत होतं.

तुझी सही त्या अहवालावर आहे. मी तुला थांबवू शकलो असतो, पानांच्या प्रती पाठवल्या त्या दिवशी. पाकीट पोस्टाच्या पेटीत अर्धं घालून थोडा वेळ उभा होतो. मागे रांग नव्हती, कुणी घाई करत नव्हतं. मग सोडून दिलं.

तू काय करायचं ते कर. मी उद्या नर्सरीवालीकडे जातो, आणि मंडळाची बैठक दहा तारखेला आहे.

दादा

१२ मे

छोटी,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा करायचा हक्कही नाही. पण काय झालं ते तुला कळायला हवं म्हणून लिहितो.

नर्सरीत गेलो. ती हिरव्या जाळीखाली बसून पिशव्यांत माती भरत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने काम थांबवलं नाही. एक पिशवी, दुसरी पिशवी. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी थांबल्यावर म्हणाली, "बसा, गुडघा दुखेल." आणि एक पालथी बादली पुढे सरकवली.

मग म्हणाली, "काका, दोन महिने मी स्वतःच्या हातांवर संशय घेत होते. वीस वर्षं रोपं करतेय, आणि कपाने मोजून पाणी घालत होते. कुठे चुकते, कुठे चुकते, करत."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"ते कळलं. पण मला काय झोंबतं सांगू? तुम्ही ते बाटलीचं बोललात, सगळे हसले, तेव्हा मीसुद्धा हसले. सगळे हसतायत तर आपणही हसावं म्हणून. घरी येऊन खरंच ती बाटली धुतली."

मी माफी मागायला लागलो, तर तिने मातीचा हात वर केला. "इथे नको. इथे मला एकटीला सांगून तुम्ही मोकळे व्हाल. मी नाही होणार. तिथे सांगा, जिथे हसले."

दहा तारखेला वाचनालयाच्या हॉलमध्ये सांगितलं. बावीस माणसं होती. लिहून नेलं होतं, कारण बोलताना मी सुधारून बोललो असतो. वाचून झाल्यावर दाताचे डॉक्टर कसनुसे हसले आणि म्हणाले, "काका, होतं असं वयोमानाने. मनाला लावून घेऊ नका." बरीच डोकी हलली. सगळे मला सोडवायला निघाले होते, छोटी, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली. मी म्हटलं, "वयाने गुडघा गेला. आकडे वयाने लिहिले नाहीत, मी लिहिले. आणि बैठकीत यांना हसायला मी लावलं तुम्हाला." नर्सरीवालीचं नाव घेऊन, तिच्याकडे बघून माफी मागितली. तिने मान हलवली नाही, खालीही घातली नाही. बघत राहिली.

मग आपला बसड्रायव्हर उठला, तो रविवारी काठावरचा कचरा उचलायला येतो तो. म्हणाला, "काका, मागे तुम्ही बसमधून पडलात म्हणून काकूंनी मला भर थांब्यावर सुनावलं होतं. मी गाडी जोरात काढली म्हणून. मला काही आठवेना, पण म्हटलं, काका कशाला खोटं सांगतील? मी माफी मागितली होती काकूंची." एवढं बोलला आणि बाहेर निघून गेला. हे मला माहीतही नव्हतं. घरी येऊन विचारलं तर तुझी वहिनी डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, "त्याची तुम्ही माफी मागाल, माझं काय? मी त्याला किती लागेल असं बोलले होते!" दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलतेय.

मंडळाने ठरवलं की सुनावणीत मीच हे सांगायचं, आणि वहीतले ते पंचाहत्तर आकडे मीच लाल शाईने खोडायचे. एकदम पानावर फुली मारायची नाही, एकेक ओळ. कालपासून खोडतोय. प्रत्येक ओळीशी तो शनिवार आठवतो.

दादा

२४ मे

दादा,

तुझं कबुलीचं पत्र आलं त्या दिवशी मी लेकीवर, नातीवर, धुणं वाळत घालायच्या दोरीवरसुद्धा ओरडले. मग तुला तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या. दुसऱ्यात 'असू दे' असं लिहिलं होतं, ते तर जास्तच खोटं होतं. तिसऱ्यात मी माझ्या सहीबद्दलच बोलत होते, माझं नाव, माझी चाळीस वर्षांची प्रयोगशाळा. ते वाचून माझीच मला शिसारी आली. कारण तेही पूर्ण खरं नव्हतं.

असू दे, मी म्हणणार नाही. तू त्याची वाट बघत असशील तर बघू नकोस. त्या आठशे रोपांचं, तलावाच्या पाण्याचं, त्या बाईचं मी कोण 'असू दे' म्हणणारी?

पण तू सगळं लिहिलंस तर मलाही लिहायला हवं. दादा, मला शंका आली होती. यंदा नव्हे, गेल्याच वर्षी. वळवाच्या पुराच्या आठवड्यात बाकी चारही जागांचे आकडे वेडेवाकडे झाले होते, आणि तिसरी जागा मात्र नेहमीच्या ७.६ वर, सभ्यपणे. तिथे तर बाजूचा चिखलाचा नाला येऊन मिळतो. त्या आठवड्यात तिथे तसा आकडा येऊच शकत नाही. हे मला दिसलं. कागदावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. तुला एक ओळ लिहायची होती, 'दादा, हा आकडा पुन्हा बघ.' तेवढंच. पण चार दिवसांनी तो आलेख मला जलविभागाच्या सभेत दाखवायचा होता आणि तिथे माझे जुने साहेब येणार होते, तेच, ज्यांनी मला कधी वरची जागा दिली नाही. मला ती सरळ रेघ हवी होती. प्रश्नचिन्ह मी खोडरबरने पुसलं. टाळ्या वाजल्या. साहेबांनीसुद्धा वाजवल्या.

तुझं खोटं तिथेच, पाच-सहा महिन्यांत थांबलं असतं. मी थांबवलं नाही. उलट त्या अहवालाने जलविभागाचा माणूस तिथे यायचा बंद केला. आणि नर्सरीवालीने मला दोनदा लिहिलं तेव्हा मी तिला काय उत्तर दिलं? मातीचा निचरा. दुसरं वळण. ती लिहीत होती डोळ्यांनी पाहिलेलं, आणि मी सहाशे मैलांवरून तिला शिकवत होते.

तुझं पत्र आल्याच्या चौथ्या दिवशी मी दोन्ही अहवाल मागे घेतल्याचं जलविभागाला कळवलं. कारणं लिहिली. दोघांचीही. प्रश्नचिन्हाचंसुद्धा. आणि तिलाही लिहिलं, नर्सरीवालीला. तुझ्यासारखं समोर उभं राहून नाही, तेवढी अजून माझी छाती नाही.

सुनावणीत काय झालं ते कळव. काही वगळू नकोस.

छोटी

१६ जून

छोटी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग वहिनीला वाचायला दिलं. ती म्हणाली, दोघं एकाच आजीची नातवंडं शोभता. आता निदान माझ्याशी बोलतेय. बसड्रायव्हरकडे आम्ही दोघं जाऊन आलो. त्याने चहा दिला, बोलला बेताचंच. ठीक आहे.

सुनावणीचं तू सगळं लिहायला सांगितलंस. कारखान्याचा वकील वही हातात घेऊन उभा राहिला आणि त्याने मला प्रेमाने विचारलं, हे अक्षर आपलंच ना? मी म्हटलं, अक्षर माझं, आकडे माझ्या मनचे. लाल ओळी दाखवल्या. हॉलमध्ये मागच्या रांगेत माझ्या जुन्या खात्यातले दोघं बसले होते, पेपरात वाचून आले असावेत. माझ्या हाताखाली शिकलेले. बाहेर पडताना एकाने सवयीने 'साहेब' म्हणून हात कपाळाला नेला आणि मध्येच खाली घेतला. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं नाही.

वही निकालात निघाल्यावर एका दिवसाच्या अपघाताची गोष्टही गेली. जलविभागाने कारखान्याच्या मागे खणलं. जमिनीखालचा धुण्याच्या पाण्याचा पाइप फुटलेला, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार जवळजवळ वर्षभर. तो दुरुस्त होईपर्यंत धुण्याचं काम बंद. जलविभागाचा माणूस आता पुन्हा दर महिन्याला तिसऱ्या जागी येणार. म्हणजे मी पहिल्याच शनिवारी हाक मारली असती तर दुसरं कुणीतरी खाली उतरलं असतं, आणि हे सगळं वर्षापूर्वी झालं असतं. हे मला कुणी म्हटलं नाही. म्हणायची गरज नाही.

मंडळात मीटर आता नर्सरीवालीकडे आहे. रोपांचं कामही तिच्याकडे परत आलं, आणि तिने ते लगेच घेतलं नाही, दोन आठवडे विचार करते म्हणाली. मी मंडळ सोडणार होतो, तसं पत्रही डॉक्टरांना दिलं होतं. ते बैठकीत वाचलं गेलं तेव्हा तीच म्हणाली, "जायचं कशाला? वही लिहायला यांनाच ठेवा. आता यांच्याइतकं घाबरून दुसरं कुणी लिहिणार नाही." कुणी हसलं नाही. तीही नाही.

तर गेल्या शनिवारी तिसऱ्या जागी गेलो. वरच्या कडेला मला खुर्ची, मांडीवर नवी वही. ती दोर धरून खाली उतरली. बसड्रायव्हर, डॉक्टर, आणखी तिघं-चौघं वर उभे. पलीकडे पाइप खणणारं यंत्र घरघरत होतं. तिने मीटर पाण्यात धरला, थांबली, आणि वर बघून आकडा ओरडली.

मला नीट ऐकू आला नाही. तीन काहीतरी, किंवा चार काहीतरी. पेन कागदावर टेकलेलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. तुला खरं सांगतो, पहिल्यांदा हात ३ काढायलाच निघाला. बहुतेक तीनच होतं.

मी पेन उचललं आणि ओरडलो, "ऐकू आलं नाही!"

ती पुन्हा ओरडली. पुन्हा नाही आला. मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदाही तेच. माझे कान तापले होते, डॉक्टर बुटांकडे बघत होते. बसड्रायव्हरने तोंड उघडलं, सांगणार होता मला, मी हातानेच नको म्हटलं. शेवटी ती अर्धा उतार चढून वर आली, धापा टाकत, आणि मीटर माझ्या डोळ्यांसमोर धरला. ३.९.

मी लिहिलं. तिला दाखवलं.

"कानांचं कधीपासून?" तिने विचारलं.

"वर्ष झालं असेल."

"घरी सांगितलंय?"

"नाही."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. ओरडेल असं वाटलं. पण तिने दोर पकडला आणि पुढचं माप घ्यायला पुन्हा खाली उतरली. या खेपेला तिने आधी हात हलवून माझं लक्ष वेधलं, मग बोटं वर करून, एकेक आकडा वेगळा करून दाखवला. मी तो मोठ्याने परत म्हटला. तिने खालून मान हलवली, तेव्हा लिहिला.

घरी येऊन जेवताना तुझ्या वहिनीला कानांचं सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत आहे, तुम्ही कधी सांगताय ते बघत होते.

तुझा
दादा